प्रमाणपत्र घेण्याआधी त्यामागची परीक्षा बघा

प्रश्न असा आहे: "मी अर्थशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दीड वर्षात नऊ छोटे सर्टिफिकेट कोर्स केले. त्यात डिजिटल मार्केटिंग, पायथॉनची तोंडओळख, संवादकौशल्य, एक्सेल, कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख वगैरे आहेत. इंटर्नशिपच्या मुलाखतीत त्यातल्या एकाबद्दलही कुणी विचारलं नाही. आत्ता आणखी दोन अर्धवट आहेत, एक पायथॉनमधून डेटा विश्लेषणाचा आणि एक नेतृत्वगुणांचा. यापुढं कोणते करू? की करूच नको?"

करा, पण वर्षाकाठी एक, फार तर दोन. आणि कोर्स निवडताना सगळ्यात आधी त्याची परीक्षा कशी होते ते बघा. विषय, संस्थेचं नाव, शिकवणारा कोण, हे सगळं त्यानंतर. मी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असे छोटे कोर्स आखते, त्यांचे पेपर काढते आणि इंटर्नशिपच्या निवड समित्यांवरही बसते. या तिन्ही कामांत मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. निवड करणारा माणूस प्रमाणपत्र हातात घेतो तेव्हा त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की या विद्यार्थ्याला नेमकं काय करता येतं आणि ते कुणी तपासलंय. तुमच्या नऊ कागदांवरून या प्रश्नाचं उत्तर मिळत नसणार, म्हणून ते बाजूला राहिले. तुमचे विषय चुकले असं मी म्हणणार नाही. एक्सेल आणि पायथॉन तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हवेतच.

"कोर्स पूर्ण केला" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्याखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. एक असतं निव्वळ हजेरीचं प्रमाणपत्र. दोन दिवसांच्या कार्यशाळेला बसलात, सही केलीत, कागद मिळाला. दुसरं पूर्ततेचं. व्हिडिओ बघितले, प्रत्येक भागाखालचे बहुपर्यायी प्रश्न सोडवले, चुकले तर पुन्हा सोडवले, बरोबर येईपर्यंत सोडवले. ऑनलाइन मिळणारी बहुतेक प्रमाणपत्रं या प्रकारात मोडतात, आणि तुमची नऊही बहुधा यातलीच असावीत. तिसऱ्या प्रकारात देखरेखीखाली परीक्षा होते किंवा तुमचं काम कुणीतरी खरोखर वाचून तपासतं. चौथ्या प्रकारात शिकवणी आणि परीक्षा पूर्ण वेगळ्या असतात. तुम्ही कुठं शिकलात याच्याशी परीक्षा घेणाऱ्याला काही देणंघेणं नसतं. सिस्को कंपनीची संगणक-नेटवर्किंगची सीसीएनए परीक्षा किंवा परकीय भाषांच्या पातळीनिहाय परीक्षा या अशा.

तिसऱ्या प्रकाराचं एक उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी मिळून चालवतात तो ऑनलाइन कोर्सांचा एनपीटीईएल उपक्रम. तिथले कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. अंतिम गुणांत दर आठवड्याच्या असाइनमेंटना २५ टक्के वजन आणि परीक्षा केंद्रावर जाऊन देखरेखीखाली दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के. प्रमाणपत्र मिळवायचं तर असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण हवेत. दोन्ही आकडे प्रमाणपत्रावर वेगवेगळे छापलेले असतात. असा कागद समितीसमोर आला की त्यावर चर्चा होऊ शकते, कारण ओळखपत्र दाखवून, मदतीशिवाय, ठरलेल्या वेळात हे गुण मिळवलेत हे उघड असतं. हार्वर्डच्या सीएस५० या संगणकशास्त्राच्या कोर्सची रीत वेगळी आहे. तिथं आठवड्यागणिक प्रॉब्लेम सेट असतात आणि शेवटी स्वतः ठरवलेला प्रकल्प करून दाखवावा लागतो. सगळं काम पूर्ण करणाऱ्याला मोफत प्रमाणपत्रही मिळतं. तिथं खरं वजन असतं त्या प्रकल्पाला, कारण तो उघडून बघता येतो.

घरबसल्या सोडवायच्या बहुपर्यायी प्रश्नांचं वजन गेल्या काही वर्षांत आणखी घटलंय. प्रश्न चॅटबॉटला चिकटवला की उत्तर मिळतं, हे निवड करणाऱ्यालाही ठाऊक असतं. तुम्ही प्रामाणिकपणे सोडवलं असेल, पण कागदावरून ते कळायला मार्ग नाही. हा प्रामाणिक विद्यार्थ्यावर अन्याय आहे आणि मला तो मनापासून खुपतो. म्हणूनच कोर्स निवडताना परीक्षेवर माझा एवढा भर आहे.

मग एखादा कोर्स पारखायचा कसा? युरोपीय संघाच्या परिषदेनं जून २०२२ मध्ये मायक्रो-क्रेडेन्शियल, म्हणजे अशा छोट्या प्रमाणपत्रांबद्दल एक शिफारस स्वीकारली. प्रमाणपत्रावर कमीत कमी काय लिहिलेलं असावं याची यादी तिच्यात आहे. विद्यार्थ्याची ओळख, शीर्षक, देणारी संस्था आणि तिचा देश, तारीख हे तर आलंच. त्याखेरीज शिकून काय करता येईल, त्यासाठी साधारण किती तासांचं काम लागतं, पातळी कोणती, मूल्यमापन कोणत्या प्रकारचं झालं, सहभाग कसा होता (ऑनलाइन की प्रत्यक्ष) आणि गुणवत्तेची खातरजमा कशी केली, हेही असावं असं ती सांगते. तुम्ही कुठल्याही देशात शिकत असा, ही यादी घ्या आणि तुमची नऊ प्रमाणपत्रं शेजारी मांडा. बहुतेकांवर नाव, शीर्षक, तारीख आणि लोगो एवढंच सापडेल. पुढच्या कोर्सला नाव नोंदवायच्या आधी त्याचं नमुना प्रमाणपत्र मागवा किंवा संकेतस्थळावर शोधा, आणि तास, पातळी, मूल्यमापन या तीन गोष्टी त्यावर आहेत का तेवढं तपासा.

तासांकडे विद्यार्थी फार कमी लक्ष देतात. क्रेडिटच्या आकड्यावर जाऊ नका, कारण प्रत्येक ठिकाणचं क्रेडिट वेगळं असतं. युरोपच्या ईसीटीएस पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, आणि पूर्ण वर्षाची ६० क्रेडिट. भारताच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट ३० तासांचं धरतात. न्यूझीलंडमध्ये एक क्रेडिट १० तासांचं असतं आणि तिथलं मायक्रो-क्रेडेन्शियल जास्तीत जास्त ४० क्रेडिटचं, म्हणजे ४०० तासांचं. यात व्याख्यानं, वाचन, सराव, परीक्षेची तयारी सगळं धरलेलं असतं. आता तुमचे नऊ कोर्स बघा. प्रत्येकाला प्रत्यक्षात किती तास दिलेत? सहा-आठ तासांत संपला तो कोर्स ही त्या विषयाची ओळख आहे. ओळख करून घेण्यात वाईट काहीच नाही. आपल्याला हा विषय आवडतो का ते ठरवायला तिचा फार उपयोग होतो. पण ती कौशल्याचा पुरावा म्हणून दाखवू नये. हातून काम निघायला लागण्यासाठी किमान चाळीस-पन्नास तास तरी हवेत, असा माझा अनुभव आहे.

पन्नास-साठ तास आणायचे कुठून? सत्र चालू असताना आठवड्याला पाच तास काढता येतात, त्याहून जास्त धरलेत तर पदवीच्या अभ्यासाला कात्री लागते. म्हणजे साठ तासांचा कोर्स बारा आठवडे चालणार. तो सत्राच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच सुरू करायला हवा. मध्यावर सुरू केला तर शेवटच्या असाइनमेंट नेमक्या सत्रपरीक्षेवर येऊन आदळतात, आणि अर्धवट सुटलेल्या कोर्सांमागं हे कारण मला सतत दिसतं. सुट्टीत करायचा असेल तर आठवड्याला पंधरा तास धरा आणि एका वेळी एकच घ्या.

कोर्स अर्धवट राहण्याबद्दल स्वतःला फार दोष देऊ नका. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन कोर्सांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केले होते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होतं. यावरून पैसे भरले की कोर्स पूर्ण होतो असा अर्थ काढू नका; ज्यांचा निश्चय आधीच झालेला असतो तेच पैसे भरायला पुढं येतात. मी विद्यार्थ्यांना सांगते की बऱ्याच ठिकाणी शिकणं मोफत असतं आणि फक्त प्रमाणपत्राला शुल्क लागतं, तेव्हा पहिले तीन आठवडे मोफत करून बघा. दुसऱ्या आठवड्याची असाइनमेंट स्वतःच्या डोक्यानं सुटली, तिसऱ्या आठवड्यातही रस टिकला, तर मग पैसे भरा. काही मंचांवर गरजू विद्यार्थ्यांसाठी शुल्कमाफीचा अर्ज असतो, तो करायला अजिबात संकोचू नका. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून लवकर करा.

विषय कोणता घ्यावा, हा तुमचा मूळ प्रश्न. "सध्या कशाला मागणी आहे" यापासून सुरुवात केली की नऊ दिशांना नऊ कोर्स होतात. सुरुवात तुमच्या पदवीच्या अभ्यासक्रमापासून करा. तो समोर ठेवा आणि त्यात कोणती गोष्ट सांगितली जाते पण करून घेतली जात नाही ते शोधा. अर्थशास्त्रात ते सहसा डेटावरचं काम असतं. प्रतीपगमन (रिग्रेशन), म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलते हे आकड्यांवरून काढणं, फळ्यावर शिकवतात, पण हजारो ओळींची गबाळी फाइल घेऊन ती साफ करणं, गहाळ नोंदींचं काय करायचं ते ठरवणं, मग प्रतीपगमन चालवून आलेल्या आकड्याचा अर्थ लावणं हे पदवीत फार थोड्यांच्या वाट्याला येतं. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ती उणीव संख्याशास्त्राची असते. समाजशास्त्रात प्रश्नावली कशी आखायची याची असते. भूगोलात किंवा इतिहासात नकाशांवर माहिती मांडण्याची, ज्यासाठी क्यूजीआयएससारखं मोफत सॉफ्टवेअर आहे. भाषा-साहित्याच्या विद्यार्थ्याला मुद्रितशोधन आणि संपादनाचा पक्का सराव मिळाला तर त्याचा लगेच उपयोग होतो.

ही उणीव सापडली की एकाच दिशेचे दोन-तीन कोर्स पायरीपायरीनं लावा. तुमच्यासाठी मी असा क्रम लावेन: आधी संख्याशास्त्राचा पाया पक्का करणारा एक, मग पायथॉन किंवा आर या प्रोग्रामिंग भाषांपैकी एकच साधन, आणि तिसऱ्या वर्षी अर्थमितीचा, म्हणजे आर्थिक आकडेवारीवर संख्याशास्त्र वापरण्याचा, परीक्षा असलेला कोर्स. पदवी संपेपर्यंत तीनच प्रमाणपत्रं, पण ती एकापुढं एक ठेवली की तुम्ही कुठं निघालात ते वाचणाऱ्याला न सांगता कळतं.

भाषेच्या परीक्षांबद्दल थोडं स्वतंत्रपणे सांगते, कारण पदवीच्या काळात करण्यासारखी ही फार चांगली गोष्ट आहे आणि तिथली पातळी जगभर समजते. युरोपीय भाषांसाठी ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत, जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत एन५ ते एन१ अशा पाच. पण परीक्षा काय तपासत नाही हेही माहीत असावं. जेएलपीटीमध्ये बोलण्याची आणि लिहिण्याची चाचणी नसते. शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन आणि ऐकणं एवढंच असतं. म्हणजे एन३ झालेल्या विद्यार्थ्यानं बोलण्याचा सराव वेगळा केला नसेल तर मुलाखतीत तो अडखळणार. हाच प्रश्न प्रत्येक कोर्सच्या परीक्षेला विचारा आणि जे तपासलं जात नाही त्याचा सराव स्वतः जोडा.

मुदतीचंही बघून ठेवा. सीसीएनए तीन वर्षं चालतं. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षं वैध असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्याला द्यायच्या प्रथमोपचाराचं, कार्डही दोन वर्षांचं. दुसऱ्या वर्षी असं दोन वर्षं मुदतीचं प्रमाणपत्र घेतलंत आणि नोकरीचा अर्ज पदवीनंतर वर्षभरानं केलात, तर तोवर ते बाद झालेलं असेल. मुदतीची प्रमाणपत्रं शेवटच्या वर्षात घ्यावीत.

आता शिकण्याच्या पद्धतीबद्दल. व्हिडिओवरच्या कोर्सांत एक मोठा धोका आहे. चांगला शिक्षक समजावतो तेव्हा सगळं स्वच्छ समजतं, आणि ऐकताना समजलं म्हणजे आपल्याला आलं असं वाटू लागतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगते. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढं गेले. म्हणून व्हिडिओ संपला की तो पुन्हा लावू नका. वही बंद करून, काय सांगितलं ते कोऱ्या कागदावर लिहा. कोडिंगच्या कोर्समध्ये शिक्षकाचं कोड बघून उतरवण्याऐवजी स्क्रीन झाकून तेच कोड स्वतः लिहा आणि चूक आली की ती स्वतः शोधा. सुरुवातीला हे फार संथ वाटेल. दिलेल्या तासांपेक्षा दीडपट वेळ लागेल, तो धरूनच वेळापत्रक बनवा.

काही विद्यापीठांत अशा कोर्सची क्रेडिट पदवीत मिळवता येतात. भारतात स्वयम या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या कोर्सांसाठी २०२१ च्या नियमांनी एका सत्रातल्या एकूण कोर्सांच्या ४० टक्क्यांपर्यंत मुभा दिली. पण मुभा आहे म्हणून तुमचा विभाग प्रत्येक कोर्स आपोआप धरेल असं नाही. नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी मंजुरी घ्या. त्यात कोणत्या विषयाच्या बदल्यात हा कोर्स, किती क्रेडिट, आणि गुणांचं रूपांतर कसं, हे लिहिलेलं असावं. निकाल कधी लागतो हेही विचारा. कोर्सचा निकाल विद्यापीठाच्या सत्रनिकालानंतर आला आणि गुणपत्रिकेवर तो विषय अपूर्ण दिसला, असं होतं, आणि शेवटच्या सत्रात असं झालं तर पुढच्या प्रवेशाला अडचण येते. शेवटच्या सत्रासाठी क्रेडिटचा ऑनलाइन कोर्स शक्यतो ठेवूच नका.

कागदपत्रांच्या बाबतीत थोडी शिस्त हवी. नाव नोंदवताना तुमचं नाव विद्यापीठाच्या नोंदीत आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं भरा; नंतर दुरुस्ती फार किचकट होते. खातं कॉलेजच्या ईमेलवर उघडू नका, कारण पदवीनंतर ते ईमेल बंद होतं आणि खात्यासोबत प्रमाणपत्रंही हातची जातात. प्रमाणपत्राची पीडीएफ, पडताळणीचा दुवा आणि कोर्सचा आठवडावार अभ्यासक्रम हे तिन्ही उतरवून ठेवा. मंचांची मालकी बदलते. एडएक्स २०२१ मध्ये टूयू या कंपनीकडं गेलं, फ्यूचरलर्न २०२२ मध्ये विकलं गेलं. पाच वर्षांनी कुणी अभ्यासक्रम मागितला तर तो संकेतस्थळावर सापडेलच याची खात्री नाही, आणि परदेशी विद्यापीठं कधीकधी तो मागतात.

परिचयपत्रात नऊ प्रमाणपत्रांची यादी देऊ नका. लांब यादी बघून समितीला वाटतं की विद्यार्थ्याचं काही ठरलेलं नाही. तुमच्या बाबतीत एक्सेल ठेवा, आणि तेही कौशल्यांच्या रकान्यात, सोबत त्यात काय केलंत त्याच्या एका ओळीसह. बाकीचे आठ सध्या काढून टाका. मुलाखतीत मी प्रमाणपत्राबद्दल विचारते तेव्हा साधारण असं विचारते: यातलं सगळ्यात अवघड काय वाटलं, आणि ते कसं सोडवलंत? ज्यानं मनापासून काम केलंय त्याचा चेहरा या प्रश्नानं उजळतो. तो बोलत सुटतो, कुठं अडला, कशामुळं सुटलं ते सांगतो. कोर्स करताना एका वहीत अशा अडलेल्या जागा लिहून ठेवल्यात तर दोन वर्षांनीही त्या सांगता येतील.

तुमच्या हातातले दोन कोर्स. नेतृत्वगुणांचा इथंच सोडून द्या. नेतृत्व हा महत्त्वाचा गुण आहे, पण बहुपर्यायी प्रश्नांतून तो तपासता येत नाही आणि त्याचं प्रमाणपत्र वाचून कुणाचं मत बनत नाही. त्याचे उरलेले तास विभागाच्या एखाद्या परिसंवादाच्या आयोजनाला द्या. माणसं जमवणं, कामं वाटणं, ऐनवेळी वक्ता आला नाही तर वाट काढणं हे तिथं प्रत्यक्ष शिकाल, आणि मुलाखतीत सांगण्यासारखं काहीतरी हाती येईल.

पायथॉनमधून डेटा विश्लेषणाचा कोर्स मात्र पूर्ण करा. त्याच्या शेवटच्या प्रकल्पात सगळ्यांना एकच तयार डेटासेट दिलेला असेल, तो कोर्सपुरता करून टाका. मग जागतिक बँकेचा वर्ल्ड डेव्हलपमेंट इंडिकेटर्स हा डेटा उतरवून घ्या. तो सर्वांना मोफत खुला आहे. त्यावर तुमच्या अभ्यासक्रमातला एकच प्रश्न घ्या, उदाहरणार्थ दरडोई उत्पन्न आणि स्त्रियांचा श्रमसहभाग यांचा संबंध कसा दिसतो. कित्येक देशांच्या कित्येक वर्षांच्या नोंदी गहाळ सापडतील. त्यांचं काय केलंत आणि का, ते लिहा. दोन आलेख, दोन पानांचा अहवाल आणि कोड एवढं पुरेसं आहे. ते तुमच्या विभागातल्या अर्थमिती शिकवणाऱ्या शिक्षकांकडं घेऊन जा. "कसं झालंय?" असं विचारलंत तर "छान" म्हणून परत पाठवतील. त्याऐवजी यातला कोणता निष्कर्ष तुम्हाला पटत नाही, असं विचारा, आणि ते जे दाखवतील ते दुरुस्त करून मगच पुढच्या इंटर्नशिपच्या अर्जाला जोडा.